किरणोत्सर्ग किती झाला, हे रक्तातला आरएनए कसे सांगतो?

सप्टेंबर १९८७मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात, सोडून दिलेल्या दवाखान्यातले किरणोपचाराचे यंत्र भंगारात गेले. ते फोडले गेले आणि आतले सीझियम-१३७ घराघरांत पोहोचले. पुढे सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली. त्यांतले २४९ जण दूषित निघाले, चार जण दगावले. एवढ्या गर्दीत आधी कोणाला रुग्णालयात हलवायचे आणि कोणाला धीर देऊन घरी पाठवायचे, हे झटपट ठरवण्यासाठी रक्तातल्या आरएनएची चाचणी विकसित होत आहे. तिच्याविषयीचे काही गैरसमज वेळीच दूर व्हायला हवेत.

गैरसमज : गायगर काउंटर अंगावरून फिरवला की मात्रा कळते.

काउंटरला कळते ती अंगावर अजून असलेली किरणोत्सर्गी धूळ. बंद पेटीतल्या स्रोतातून आलेले गॅमा किरण शरीरातून आरपार जातात, मागे किरणोत्सर्गी असे काही ठेवत नाहीत. असा माणूस किरणोत्सर्गी होत नाही, त्याला हात लावायला भ्यायचे कारण नाही. पण त्याला किती मात्रा मिळाली हे काउंटरवरून समजणार नाही. पुरावा पेशींतच शोधावा लागतो.

गैरसमज : किरणांनी आरएनए तुटतो आणि ती तूटफूट मोजतात.

चाचणी मोजते ते पेशीचे प्रत्युत्तर. किरणांनी डीएनएचे धागे तुटले की एटीएम नावाचे प्रथिन ते ओळखते आणि पी-५३ या प्रथिनाला जागे करते. पी-५३ मग दुरुस्तीची, विभाजन थांबवण्याची आणि इतर कामांची जनुके चालू करते. एफडीएक्सआर, सीडीकेएन१ए, डीडीबी२ ही त्यांतली अभ्यासकांच्या खास भरवशाची. जनुक चालू झाले की त्याच्या आरएनए प्रती वाढतात. त्या मोजायला आरटी-पीसीआरच वापरतात, कोविडच्या काळात घरोघरी माहीत झालेले तंत्र. तांबड्या पेशींत केंद्रक नसते, म्हणून ही सगळी माहिती पांढऱ्या पेशींकडून मिळते. निरोगी माणसांच्या रक्ताला प्रयोगशाळेत ठरावीक मात्रा देऊन आलेख आधीच काढलेला असतो. रुग्णाचा आकडा त्यावर ताडून मात्रेचा अंदाज बांधतात. तो अंदाजच असतो, हे डॉक्टरांनीही विसरता कामा नये.

गैरसमज : आता गुणसूत्रांची जुनी चाचणी मोडीत निघेल.

मुळीच नाही. दोन गुणसूत्रांचे तुटलेले तुकडे चुकीचे जोडले गेले की दोन गुणसूत्रबिंदू (सेंट्रोमिअर) असलेले गुणसूत्र तयार होते. अशी गुणसूत्रे मोजणे हीच आजही सर्वमान्य पद्धत आहे. अडचण वेळेची. पेशी सुमारे ४८ तास वाढवाव्या लागतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. आरएनएचे उत्तर काही तासांत मिळू शकते.

मात्र आरएनएची खूण तासागणिक बदलते आणि काही दिवसांत ओसरते. गुणसूत्रांवरची खूण महिन्यांनंतरही सापडते. शिवाय जंतुसंसर्गानेही काही जनुकांची पातळी हलते, त्यामुळे एकाच जनुकावर विसंबून चालत नाही. शरीराचा एखादाच भाग किरणांत आला असेल, तर रक्तातली सरासरी फसवी ठरू शकते. नमुनाही आरएनए टिकवणाऱ्या द्रवाच्या नळीतच घ्यावा लागतो. माझ्या मते या दोन पद्धतींत स्पर्धा लावणेच चूक: पहिल्या दिवसाची निवड आरएनएवरून करावी, मात्रा पक्की करायला गुणसूत्रे पाहावीत.

गैरसमज : छातीचा एक्स-रे काढल्यावर ही चाचणी करून घ्यावी.

नको. त्या एक्स-रेची मात्रा साधारण ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी असते. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. अपघातात तातडीच्या उपचारांसाठी रुग्ण वेगळे काढताना सुमारे २ ग्रे, म्हणजे गॅमा किरणांच्या बाबतीत २,००० मिलिसीव्हर्ट, ही रेषा धरतात.

आपल्याकडचा धोकाही भंगारातून आलेला आहे. एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी बाजारात कोबाल्ट-६० असलेले यंत्र भंगारात आले आणि त्यात एकाचा जीव गेला. म्हणून भंगाराचा व्यवसाय करणाऱ्यांना कळकळीची विनंती : पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेली जड पेटी दिसली तर फोडू नका, दूर व्हा, पोलिसांना कळवा. कोणी तिच्याजवळ थांबला असेल, तर किती वाजता आणि किती वेळ थांबला, उलटी झाली असल्यास ती कधी झाली, हे लिहून डॉक्टरांना द्या. वेळ माहीत नसेल, तर आरएनएच्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण होते.