लॅपटॉप झोपत का नाही?

घरात लॅपटॉप एकच आणि त्यावर हक्क सगळ्यांचा. दुपारी आईच्या बचत गटाचा हिशेब, रात्री मुलीचा ऑनलाइन वर्ग. काम संपले की लॅपटॉप तसाच ठेवला जातो. थोड्या वेळाने तो आपोआप झोपेल अशी समजूत असते. सकाळी पाहावे तर बॅटरी रिकामी! मग बॅटरी गेली असे ठरते आणि पगारातून नव्या बॅटरीचे पैसे बाजूला काढावे लागतात. पण दोष दर वेळी बॅटरीचाच असतो असे नाही. लॅपटॉप रात्रभर जागाच राहिला, असेही असू शकते.

झोप कोण मोडतो?

झोपेत, म्हणजे स्लीपमध्ये, पडदा बंद होतो व यंत्राचे काम थांबते. उघडे ठेवलेले काम जपण्यापुरतीच वीज लागते. मात्र एखादा प्रोग्रॅम विंडोजला "माझे काम चालू आहे, झोपू नकोस" असे सांगू शकतो. फाइल उतरत असताना हे योग्यच आहे. पण काम संपल्यावरही ही विनंती मागे राहिली, तर लॅपटॉप जागाच राहतो.

आधी सेटिंग पाहा

सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात पॉवर उघडा. स्लीपपुढे 'नेव्हर' असेल तर तिथे पंधरा-वीस मिनिटे ठेवा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय व्हावे, हेही ठरवता येते. तिथे 'डू नथिंग' असेल, तर झाकण मिटूनही लॅपटॉप चालूच राहतो.

लॅपटॉपलाच विचारा

सेटिंग ठीक असूनही झोप लागत नसेल, तर पुढील उपाय करा. स्टार्टमध्ये सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप करा. वर आलेल्या कमांड प्रॉम्प्टवर माऊसचे उजवे बटण दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळ्या चौकटीत 'पॉवर' या शब्दाला जोडून सी, एफ, जी ही अक्षरे, मग मोकळी जागा, तिरपी रेघ व तिला लागून 'रिक्वेस्ट्स' असे इंग्रजीत लिहून एंटर दाबा.

डिस्प्ले, सिस्टीम, एक्झिक्युशन असे मथळे दिसतील. ज्याखाली 'नन' असेल तिथे कोणाचीही विनंती नाही. एखादे नाव असेल तर तोच जागवणारा. ब्राउझरचे नाव आले तर वर्गाची किंवा व्हिडिओची खिडकी उघडी राहिली असेल. ती बंद करा. 'ऑडिओ' दिसल्यास आवाज वापरणारा प्रोग्रॅम शोधा. अपडेटचे नाव असेल तर ते पुरे होऊ द्या व लॅपटॉप रीस्टार्ट करा. नंतर तीच आज्ञा पुन्हा देऊन खात्री करून घ्या.

झोपून पुन्हा जागा होत असेल तर?

मग 'रिक्वेस्ट्स'ऐवजी 'लास्टवेक' लिहा. शेवटी कशामुळे जाग आली ते बहुधा कळते. माऊसचे नाव आले तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमधील जागे करण्याची परवानगी काढून टाका.

दप्तरात ठेवण्यापूर्वी

अनेक नवे लॅपटॉप झोपेतही मोबाइलसारखे इंटरनेटशी जोडलेले राहतात. असा लॅपटॉप बंद दप्तरात तापू शकतो. कॉलेजला निघताना 'शट डाउन' करावे किंवा 'हायबरनेट' वापरावे. हायबरनेटमध्ये उघडे काम डिस्कवर साठवून यंत्र बंद होते.

यादीत अनोळखी नाव दिसले म्हणून घाईने काही काढून टाकू नका; ते ध्वनीचे किंवा छपाईचे गरजेचे सॉफ्टवेअरही असू शकते. नाव वहीत लिहून ठेवा. एवढे करूनही बॅटरी उतरत असेल, तर ती वही घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जा आणि नवी बॅटरी घेण्याआधी जुनी तपासून मागा.