नकाशा वाचता आला तर घर चुकत नाही

घर बांधणे म्हणजे आयुष्यभराची पुंजी खर्ची घालणे. परंतु ज्या कागदावर हे घर उभे राहते, तो नकाशा किती घरमालक स्वतः वाचतात? गवंडीकाम, सुतारकाम, फॅब्रिकेशन, रंगकाम या धंद्यांत आपल्या समाजातील अनेक कारागीर आहेत. त्यांतही नकाशा सफाईने वाचणारे थोडेच. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

मंचरजवळील अवसरी खुर्द येथे २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. शासकीय तंत्रनिकेतनही याच गावात आहे. स्थापत्य शाखेची मुले तेथे प्रमाण आणि खुणांचे शिक्षण घेतात. पण भिंत प्रत्यक्ष उभारणारा मिस्त्री हे ज्ञान बहुधा उस्तादाच्या हाताखाली, ऐकून-पाहूनच मिळवतो.

पाच इंचांचा घोटाळा

एका घराच्या कामावर आम्ही पाहिलेला प्रकार सांगतो. नकाशा १:१०० प्रमाणात होता. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जागेवर एक मीटर. मिस्त्रीच्या हातात मात्र जुनी पट्टी होती, एक इंचाला आठ फूट मोजणारी. हे प्रमाण १:९६ होते. दोन्ही जवळजवळ सारखीच वाटतात, फरक फक्त चार टक्के. पण याच चार टक्क्यांमुळे दहा फुटांचे स्वयंपाकघर नऊ फूट सात इंचांचे झाले. कडाप्पा नकाशावरील लिहिलेल्या आकड्याप्रमाणे दहा फूट कापून आला होता. तो बसेना. तो पुन्हा कापावा लागला आणि खर्च मिस्त्रीच्या मजुरीतून वळता झाला. मिस्त्रीच्या कामात खोट नव्हती, पट्टी चुकली होती.

आपल्या देशात मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. कागदोपत्री मीटर आले, तरी कामावर अजून फूट-इंचच बोलले जातात. दोन्हींचा मेळ घालणे कारागिराच्या माथी येते.

दुसरा धोका झेरॉक्सचा. ए-२ आकाराचा नकाशा लहान करून ए-३ कागदावर काढला की रेषा सुमारे ७१ टक्के होतात. कोपऱ्यात १:१०० छापलेले तसेच राहते, पण खरे प्रमाण १:१४१ झालेले असते. म्हणून पहिला नियम असा: नकाशावर पट्टी लावून माप काढू नये, लिहिलेला आकडाच धरावा. आकडा नसेल तर इंजिनिअरला विचारावे. नकाशावर मोजपट्टीच छापलेली असेल तर उत्तम. कागद लहान झाला तर तीही त्याच प्रमाणात लहान होते.

खुणांची भाषा

इमारतीच्या नकाशांसाठी भारतीय मानक ९६२ आहे. त्यातील नेहमीच्या खुणा ओळखणे कठीण नाही. भिंतीला खंड पडून पाव वर्तुळ काढले असेल तर तो दरवाजा. पाव वर्तुळ ज्या बाजूला, त्या बाजूला पल्ला उघडतो. पलंग आणि कपाट कोठे ठेवायचे ते यावरूनच ठरते. भिंतीच्या जाडीत समांतर रेषा म्हणजे खिडकी. ‘डी’ म्हणजे दरवाजा, ‘डब्ल्यू’ खिडकी, ‘व्ही’ झरोका. जिन्यावरील बाण सहसा चढण्याची दिशा दाखवतो. तुटक रेषा म्हणजे वरचा छज्जा किंवा नजरेआड असलेला भाग. नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरची भिंत १:१०० मध्ये जेमतेम सव्वादोन मिलिमीटर दिसते. म्हणून बारीक कामासाठी १:५० किंवा १:२० चा वेगळा तपशील मागून घ्यावा.

उत्तरेचा बाण अनेकजण नजरेआड करतात. तो बाण पाहिला तर सकाळचे ऊन कोठून येईल ते कळते. आपल्या घरांत संडासाच्या भांड्याची दिशा ठरवतानाही तो उपयोगी पडतो, कारण आपल्याकडून किब्ला पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे आहे. भांडे बसल्यावर फिरवण्यापेक्षा कागदावर फिरवणे स्वस्त पडते.

मंजुरीच्या नकाशात रंगांनाही अर्थ असतो. प्लॉटची हद्द जाड काळ्या रेषेत, नवे बांधकाम लाल, पाडायचे पिवळे, सध्याचा रस्ता हिरवा, तर सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेषेत दाखवतात. सही करण्यापूर्वी घरमालकाने निदान हद्दीची काळी रेषा आणि शेजाऱ्याकडील मोकळी जागा तपासावी. पुढचे भांडणतंटे याच दोन गोष्टींवरून होतात.

धंद्याची संधी

दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये स्थापत्य आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. आता नकाशे संगणकावर काढले जातात. तेथे रेषा खऱ्या मापात ओढतात आणि प्रमाण छपाईच्या वेळी ठरते. पण कोणती भिंत कोठे आणि का, हे यंत्र सांगत नाही. ज्या मुलाने वडिलांबरोबर कामावर विटा उचलल्या आहेत, त्याला ते आधीच ठाऊक असते. अशा मुलाने आरेखन शिकले तर तो चांगला आरेखक तर होईलच, पुढे ठेकेदारीही करू शकेल.

ज्यांचे शिकण्याचे वय निघून गेले, त्या मिस्त्रींनी निदान मेट्रिक पट्टी खिशात ठेवावी आणि चुना टाकण्यापूर्वी मालकासमोर प्रत्येक खोलीचा आकडा मोठ्याने वाचावा. त्यात अर्धा तास जाईल, पण मजुरी वाचेल आणि नावही राहील.