सूर्यप्रकाश, ड जीवनसत्त्व आणि करोनाचे रुग्ण

बंगळूरच्या उत्तरेस असलेले देवनहळ्ळी हे गाव टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून आणि तेथील पपनसांसाठी प्रसिद्ध आहे. २००८ सालापासून बंगळूरचा आंतरराष्ट्रीय विमानतळही येथेच आहे. हे गाव सुमारे १३ उत्तर अक्षांशावर वसलेले असल्याने वर्षातून दोनदा सूर्य तेथे बरोबर माथ्यावर येतो. उन्हातील अतिनील किरण त्वचेवर पडले म्हणजे त्वचेतील एका द्रव्यापासून ड जीवनसत्त्व तयार होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड यांत त्याला कार्यक्षम रूप प्राप्त होते. तेव्हा अशा प्रदेशात या जीवनसत्त्वाची उणीव भासू नये, असे कोणासही वाटेल.

वस्तुस्थिती निराळी आहे. जवळपास याच अक्षांशावरील तिरुपतीच्या परिसरात केलेल्या पाहणीत शेतात राबणाऱ्यांच्या रक्तातील त्याचे प्रमाण शहरवासीयांपेक्षा अधिक आढळले. तथापि उणीव दोघांतही होती. त्वचेचा सावळा वर्ण, अंगभर वस्त्रे, दुपारी सावलीत राहण्याची सवय आणि आहारातील या जीवनसत्त्वाची कमतरता ही त्याची कारणे होत.

मार्च २०२० मध्ये देवनहळ्ळीच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांची तपासणी होत होती, तेव्हा करोनावर खात्रीचे औषध कोणापाशीच नव्हते. गंभीर आजारी रुग्णांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी असल्याचे अनेक ठिकाणी आढळू लागले. रोगप्रतिकारक पेशींवरही या जीवनसत्त्वाचा परिणाम होतो, हे आधीच ज्ञात होते. साहजिकच, ते दिले तर रुग्ण वाचतील अशी आशा उत्पन्न झाली.

परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. वृद्ध व स्थूल व्यक्तींत हे जीवनसत्त्व बहुधा कमी असते आणि करोनाचा धोकाही त्यांनाच अधिक असतो. शिवाय तीव्र आजारामुळेही रक्तातील प्रमाण घटते. याचा निर्णय चाचणीनेच लागतो. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करावयाची, एका गटास औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी निरौषध मात्रा द्यावयाची, आणि कोणास काय मिळाले हे रुग्णास वा वैद्यास कळू द्यावयाचे नाही.

२०२० मध्ये स्पेनमधील कॉर्दोबा येथे ७६ रुग्णांवर प्रयोग झाला. ड जीवनसत्त्वाचे एक रूप मिळालेल्या ५० जणांपैकी केवळ एकास अतिदक्षता विभागात न्यावे लागले. ते न मिळालेल्या २६ जणांपैकी १३ जणांस न्यावे लागले. निष्कर्ष आशादायक होता. परंतु निरौषध मात्रा वापरलेली नव्हती आणि दुसऱ्या गटात रक्तदाबाचे रुग्ण अधिक होते. त्याच वर्षी ब्राझीलमधील साओ पाउलो येथे २४० रुग्णांवर अधिक काटेकोर चाचणी झाली. औषधाच्या गटास एकाच वेळी २,००,००० एकके देण्यात आली. त्यांच्या रक्तातील प्रमाण दुपटीहून वाढले. मात्र रुग्णालयातील मुक्कामाची मध्यक संख्या दोन्ही गटांत सात दिवसच राहिली. मृत्यूंच्या प्रमाणातही विश्वसनीय फरक दिसला नाही. याच्या उलट, डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध प्राणवायू द्यावा लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी करते, हे एका मोठ्या चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले.

यावरून ड जीवनसत्त्व निरुपयोगी ठरत नाही. मुलांतील मुडदूस व प्रौढांतील हाडांचा मऊपणा टाळण्यास ते अवश्य हवे आणि उणीव असेल तर ती वैद्यकीय सल्ल्याने भरून काढलीच पाहिजे. मात्र आठवड्यास एकदा घ्यावयाची ६०,००० एककांची मात्रा कोणी भीतीपोटी रोज घेत राहिला, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस अपाय होऊ शकतो. शरीरातील उणीव भरून काढणे आणि जडलेला रोग बरा करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. रुग्णशय्येजवळ हा भेद विसरला गेला, तर उपयुक्त उपचारास विलंब होण्याचा धोका असतो.