पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया : तत्पूर्वींची तयारी

अंबा नदीचें पाणी समुद्रास मिळण्यापूर्वीं जी रुंद खाडी होते, तिच्या कांठीं धरमतर आहे. पेणहून अलिबागेस जाणारा रस्ता आतां पुलावरून ही खाडी ओलांडतो. तरी गांवाच्या नांवांत जुनी 'तर', म्हणजे पैलतीरीं नेणारी नाव, अद्याप शिल्लक आहे. तर सोडण्यापूर्वीं नावाडी भरती-ओहोटी पाहत असे, नावेच्या फळ्या तपासत असे आणि ओझ्याचा अंदाज घेत असे. यांतील एकहि गोष्ट प्रतिकूल दिसल्यास तो थांबे. मग उतारू कितीहि उतावीळ असोत.

कण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टर जी तपासणी करतात, ती याच जातीची आहे. पुष्कळ लोक तिला 'फिटनेसचा कागद' म्हणतात, आणि तो हातीं आला कीं काम झालें, असें मानतात. तपासणींत कांहीं उणें निघून तारीख पुढें गेली, म्हणजे घरांत खेद होतो. मजुरी बुडालेली असते, गाडीभाडें खर्ची पडलेलें असतें आणि रोग्याची वेदना तर क्षणभरहि थांबत नाहीं. हा खेद अगदीं स्वाभाविक आहे. परंतु थांबण्याचें कारण नीट समजलें, तर तोच अवधि उपचाराचा भाग होतो.

खारेपाटांतील भातशेती, मिठागरांतील मेहनत, बंदरावरील ओझीं, पेणच्या मूर्तिकारांचें तासन्‌तास वांकून बसणें, या सर्वांचा भार पाठीवर पडतो. तथापि प्रत्येक पाठदुखीस शस्त्रक्रिया लागत नाहीं. बहुतेक पाठदुखी विश्रांति, व्यायाम व औषध यांनींच ओसरते. कण्याच्या क्षयांतहि अनेक रोगी पुरेशा काळ नियमित औषधें घेऊन बरे होतात. मज्जातंतूंवर दाब आला, मणका ढळला किंवा कणा वांकूं लागला, तरच बहुधा शस्त्रक्रियेचा विचार होतो.

ती मोठी कां, हें शरीराच्या रचनेवरून कळतें. जन्मतः कण्यांत 33 मणके असतात. त्यांतील खालचे वयाबरोबर एकमेकांस जडून जातात. मणक्यांच्या पोकळींतून मज्जारज्जु खालीं उतरतो. मणके स्क्रू व सळ्या घालून सांधावयाचे असतील, तर रोग्यास कित्येक तास पालथें निजवावें लागतें. रक्त बरेंच जाऊं शकतें. छातीवर दाब येतो, श्वास यंत्रानें चालवावा लागतो, आणि एवढा वेळ हृदयास व मूत्रपिंडांस हा सारा ताण सोसावा लागतो. म्हणजे शस्त्र पाठीवर चालत असलें, तरी कसोटी सर्व शरीराची होते.

ही गोष्ट वैद्यकास एका दिवसांत उमगली नाहीं. 1888 व 1889 सालीं निजामाच्या हैदराबादेंत डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानें क्लोरोफॉर्मविषयीं दोन चौकशी-मंडळें बसलीं. भूल देतांना श्वासाकडे लक्ष ठेवावें, हृदयास त्या औषधापासून प्रत्यक्ष भय नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढें 1911 मध्यें लेव्ही यांनीं प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, हलक्या भुलींतहि क्लोरोफॉर्ममुळें हृदय एकाएकीं बंद पडूं शकतें. क्लोरोफॉर्म आतां मागें पडला. परंतु श्वास आणि हृदय या दोहोंची परीक्षा आधींच झाली पाहिजे, हा धडा कायम राहिला.

1941 मध्यें अमेरिकेंतील भूलतज्ज्ञांनीं रोग्याची प्रकृति श्रेणींत मांडण्याची पद्धति प्रसिद्ध केली. तिचें सुधारलेलें रूप आज जगभर वापरतात. निरोगी मनुष्य पहिल्या श्रेणींत येतो. मधुमेह किंवा रक्तदाब आटोक्यांत असलेला दुसऱ्या, व तेच विकार आटोक्याबाहेर गेलेला तिसऱ्या. या श्रेणी म्हणजे परीक्षेंतील पास-नापास नव्हेत. कोणती तयारी अधिक हवी आणि शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागांत ठेवावें लागेल काय, हें त्यांवरून ठरविण्यास मदत होते.

कण्याच्या रोग्याच्या बाबतींत येथें एक विशेष अडचण आहे. न थांबतां दोन जिने चढतां येतात काय, असें भूलतज्ज्ञ विचारतो. कारण चढतांना दम लागला किंवा छातींत दुखलें, तर हृदयाचा दोष उघड होतो. परंतु ज्याला पाठीमुळें दहा पावलेंहि चालवत नाहीं, त्याच्या हृदयावर कधीं ताणच पडत नाहीं. पाठीच्या वेदनेआड हृदयाचा रोग लपून राहतो. म्हणूनच 'छातींत कधीं दुखलें नाहीं' एवढ्या उत्तरावर डॉक्टर संतुष्ट होत नाहींत. गरजेप्रमाणें कार्डिओग्राम, हृदयाची सोनोग्राफी किंवा आणखी एखादी चाचणी ते सांगतात. रक्तांतील हिमोग्लोबिन, साखर, मूत्रपिंडांचें काम व रक्तगट हेंहि पाहिलें जातें.

रोग्यानें स्वतः करावयाच्या गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या आहेत. विडी, तंबाखू व मिश्री हीं निदान चार आठवडे आधीं सोडावीं. धूम्रपान करणाऱ्यांत हाडें सांधण्यास उशीर होतो आणि जखमहि लवकर भरत नाहीं. मिश्री हीहि तंबाखूच आहे, हें घरांतील वृद्ध स्त्रियांस आवर्जून सांगावें. रक्त कमी असल्यास लोह देऊन तें वाढविण्यास कांहीं आठवडे लागतात. किडलेला दांत, लघवींतील जंतुदोष, अंगावरील गळूं हीं आधीं बरीं करावीं. कारण कण्यांत बसविलेल्या धातूवर जंतूंनीं ठाण मांडलें, तर त्यांस हुसकावणें फार कठीण जातें.

चालू असलेलीं सर्व औषधें एका पिशवींत घालून डॉक्टरांपुढें ठेवावीं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानें बंदहि करूं नये आणि चालूहि ठेवूं नये. हृदयांत स्टेंट असलेल्यानें तर हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा. सांधेदुखीवर मिळणाऱ्या निनांवी पुड्यांत कधीं कधीं स्टेरॉइड मिसळलेलें असतें. तें घेत असल्यास लपवूं नये. शस्त्रक्रियेच्या दिवशीं सांगितलेला उपास काटेकोर पाळावा. सामान्यतः हलकें अन्न सहा तास व निव्वळ पाणी दोन तास आधीं थांबवितात.

घराचीहि तयारी हवी. उंच पलंग, बसण्याचा शौचकूप, रात्रीं हांकेस येणारें माणूस, कुशीवर सबंध अंग एकदम वळविण्याचा सराव व दीर्घ श्वासाचा व्यायाम, हें सारें आधींच योजावें. खर्चाची चौकशीहि वेळेवर करावी. राज्याची जीवनदायी योजना 2012 मध्यें ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढें तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव देण्यांत आलें. आपला उपचार तींत बसतो किंवा कसें, हें रुग्णालयांतील आरोग्यमित्रास विचारावें.

मात्र एका प्रसंगीं थांबणें घातक ठरतें. लघवी किंवा शौचावरील ताबा गेला, मांड्यांमधील भाग बधिर झाला किंवा पायांतील शक्ति झपाट्यानें कमी होऊं लागली, तर तारखेची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तेथें तपासणी संक्षेपानें होते. कारण उशिराचा धोका भुलीच्या धोक्याहून मोठा असतो.

इतर वेळीं डॉक्टर 'अजून चार आठवडे' म्हणाले, तर ते आठवडे वाया गेले असें समजूं नये. साखर उतरते, रक्त वाढतें, छाती मोकळी होते. ओहोटींत घाईनें लोटलेली नाव चिखलांत रुतते. भरतीची वाट पाहून सोडलेली पैलतीर गांठते.