गवताच्या गंजीआडचा प्रश्न
१८०६ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील विल्यम्स कॉलेजाचे पांच विद्यार्थी वादळी पावसांत गवताच्या गंजीआड बसून, आशियांतील धर्मप्रसारास आपलें आयुष्य वाहावें काय, याचा खल करीत होते. त्याच कॉलेजाचा पदवीधर गॉर्डन हॉल १८१३ त मुंबईस उतरला. कंपनी सरकारनें परत जाण्याचा हुकूम सोडला, तरी तो हटला नाहीं. १८२४ त त्याच्या अमेरिकन मिशननें येथें मुलींची शाळा काढली. १८२६ त नाशकाकडील दौऱ्यांत तो पटकीनें वारला. धर्मांतराचा त्यांचा हेतु आम्हांस मुळींच मान्य नाहीं. परंतु 'हा देह कोणत्या कार्यास लावावा?' हा त्यांचा प्रश्न आमच्या वसतिगृहांत कधीं ऐकूं येतो काय? तेथें रात्र जागते ती परीक्षेसाठीं व पगाराच्या हिशेबासाठीं. अपवाद असतील, त्यांनीं राग मानूं नये.