मोडलेले हाड आणि साठ हजारची पुडी

घरातली दादी किंवा नानी न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचे किंवा मनगटाचे हाड मोडले, की पुढचे दोन-तीन महिने सगळ्या घराची घडी विस्कटते. प्लास्टर किंवा ऑपरेशन होते, वेदनेच्या गोळ्या येतात, कॅल्शियम येते आणि चिठ्ठीच्या शेवटी आठवड्यातून एकदा घ्यायची एक पुडी असते. मेडिकलवाला तिला ‘साठ हजारवाली’ म्हणतो. ही आहे ‘ड’ जीवनसत्त्वाची, म्हणजेच व्हिटॅमिन डी ची पुडी.

छावणीच्या गल्ल्यांत, घाटीच्या हाडांच्या विभागाबाहेरच्या रांगेत या पुडीबद्दल भगिनी एकमेकींना बरेच काही विचारतात. हिच्यामुळे हाड लवकर जुळते का? रोज घेतली तर जास्त फायदा होईल का? कॅप्सूल जिलेटिनची असेल तर घ्यावी का? रमजानमध्ये काय करावे? या प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसली तर नुकसान रुग्णाचे होते, म्हणून या महिन्यात हा विषय घेत आहोत.

हाड जुळते कसे?

हाड मोडले की त्या जागी रक्त साकळते. त्यातून आधी मऊ ऊती तयार होते. मग तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरत जाऊन ती कडक होते आणि पुढे कित्येक महिने शरीर त्या जागेला मूळ आकार देत राहते. हे काम शरीर स्वतःच करते. प्लास्टर, सळई, प्लेट यांचे काम हाड जागेवर धरून ठेवण्याचे.

‘ड’ जीवनसत्त्व येथे पुरवठादार असते. आपण खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून रक्तात पोहोचवायला ते लागते. शरीरात ते पुरेसे असेल तर अन्नातील सुमारे ३० ते ४० टक्के कॅल्शियम शोषले जाते. कमी असेल तर १० ते १५ टक्केच. मग रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतूनच ते काढून घेऊ लागते. म्हणजे एकीकडे मोडलेले हाड जोडायचे आणि दुसरीकडे धडधाकट हाडे पोखरायची! डॉक्टर पुडी लिहून देतात त्यामागे मुख्य कारण हे आहे.

नाशिकची शंभर वर्षांपूर्वीची नोंद

हा विषय आपल्या मुलखाला नवा नाही. हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी नाशिक भागातील मुडदूस या आजाराचा अभ्यास करून १९२२ साली तो प्रसिद्ध केला. मुडदुसात लहान मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकतात. त्यांना आढळले ते उलटेच होते. शेतात राबणाऱ्या गरिबांची मुले, पोटाला पुरेसे नसूनही, या आजारापासून बरीचशी दूर होती. आजार होता तो खात्यापित्या घरांत, जिथे बाया आणि तान्ही मुले अंधाऱ्या खोल्यांत दिवस काढत. ती घरे परदा पाळणाऱ्या मुसलमानांची होती, तशीच उच्चवर्णीय हिंदूंचीही होती. दोष कोणाच्या धर्माचा नव्हता. ऊन न शिरणाऱ्या खोलीचा होता.

पुढे २००० साली दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी निरोगी माणसांच्या रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्व मोजले. उन्हात कवायत करणाऱ्या जवानांत ते त्यातल्या त्यात बरे निघाले. दवाखान्याच्या छताखाली दिवस घालवणाऱ्या डॉक्टर आणि परिचारिकांत मात्र फारच कमी. छावणीत राहणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. मैदानावरचा जवान आणि पलीकडच्या गल्लीत दिवसभर शिलाई मशीनवर बसणारी आपली बहीण, दोघांच्या डोक्यावर सूर्य एकच आहे. ती त्याच्यासमोर किती वेळ येते, हा प्रश्न आहे.

पुडीने फ्रॅक्चर लवकर भरते का?

ज्याच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व कमी आहे, त्याची कमतरता भरून काढलीच पाहिजे. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतील ३,२७० वयस्कर स्त्रियांवर एक अभ्यास झाला. १९९२ साली तो प्रसिद्ध झाला. रोज ८०० युनिट ‘ड’ आणि १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांत दीड वर्षात खुब्याची फ्रॅक्चर्स बरीच कमी झाली. या स्त्रियांचे सरासरी वय ८४ होते आणि त्यांचे बाहेर पडणे कमी होते.

याच्या उलट २०२२ साली अमेरिकेतून आलेला अहवाल पाहा. जवळपास २६ हजार सर्वसाधारण निरोगी प्रौढांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट दिले. पाच वर्षांनी पाहिले तर त्यांची आणि इतरांची हाडे मोडण्याचे प्रमाण सारखेच. कमतरता नसलेल्याला वरून आणखी दिल्याने हाड पोलादी होत नाही, हा त्याचा अर्थ. शिवाय प्लास्टर व्यवस्थित नसेल, मधुमेह वाढलेला असेल, तंबाखू, गुटखा, मिशरी चालू असेल, तर नुसत्या पुड्यांनी हाड भरणार नाही. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो, हे सिद्ध झालेले आहे.

साठ हजारचा हिशेब

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला रोज सुमारे ६०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व लागते. पुडीत असतात ६०,०००. ती आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे दिली जाते आणि मग बहुधा महिन्याला एक. आठ आठवड्यांचे होतात ४ लाख ८० हजार युनिट. हीच पुडी कोणी चुकून रोज घेतली तर तेवढ्याच दिवसांत ३३ लाख ६० हजार, म्हणजे सातपट!

हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. जास्त झाले की रक्तातले कॅल्शियम चढते. मळमळ, भूक मरणे, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि लघवी, गुंगी, बरळणे अशी लक्षणे दिसतात. मूत्रपिंडही निकामी होऊ शकते. म्हातारपणी असे झाले की घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ अशा वेळी डॉक्टरांना पुड्यांची संख्या सांगा. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांपुढील २,२५६ स्त्रियांवरील अभ्यासात वर्षातून एकदम ५ लाख युनिटचा डोस घेणाऱ्या स्त्रिया अधिक पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली.

म्हणून घरात एक वार ठरवून घ्यावा. आमची सूचना जुम्याची. जुम्याच्या दुपारच्या जेवणानंतर पुडी द्यावी आणि कॅलेंडरवर खूण करावी. जेवणात थोडे तूप-तेल असेल तर ती चांगली शोषली जाते. शेजारणीच्या चिठ्ठीवरून औषध आणू नये. मूतखडा, मूत्रपिंडाचा आजार किंवा क्षयरोग असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

ऊन, परदा आणि गच्ची

उन्हातील जे किरण त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करतात, ते काचेतून येत नाहीत. बंद खिडकीजवळ बसून उपयोग नाही. ते कपड्यातूनही फारसे जात नाहीत, आणि सकाळी अगदी लवकर किंवा मगरिबच्या सुमारास जवळजवळ नसतातच. साधारण दहा ते तीन या वेळात ते चांगले मिळतात. मराठवाड्यात ऊन बाराही महिने आहे. उन्हाळ्यात दहाच्या सुमारास थोडा वेळ पुरे, भर दुपारी म्हाताऱ्या माणसाला बसवू नये.

परदा पाळूनही हे जमते. अंगणात, मागच्या पडवीत किंवा आडोसा केलेल्या गच्चीवर घरच्या बायांनी हात, पाय, चेहरा उघडा ठेवून पंधरा-वीस मिनिटे बसावे. सावळ्या त्वचेला थोडा जास्त वेळ लागतो. प्लास्टर घातलेल्या रुग्णाचीही खाट रोज थोडा वेळ उन्हात काढावी. तेवढीच तिला चार माणसे दिसतात, तिचे मन रमते.

ताटात काय असावे?

हाड मोडले की आपल्याकडे पायाचा रस्सा चढतो. चवीला उत्तम आणि त्यात प्रथिनांचा काही अंश असतोही. पण हाडातले कॅल्शियम रश्शात फारच थोडे उतरते. रस्सा प्यावा, मात्र त्यावर भिस्त ठेवू नये. पाव लिटर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दही, नाचणी, तीळ, काट्यांसकट खाता येणारी छोटी मासळी हीदेखील चांगली. हाडासाठी प्रथिनेही तितकीच हवीत: अंडी, डाळ, मटण, चिकन, जे परवडेल ते. दुधाच्या पिशवीवर ‘+एफ’ ही खूण असेल तर त्यात ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे घातलेली असतात.

कॅप्सूल आणि रोजा

बाजारातील ‘ड-३’ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध पदार्थापासून बनते. शंका येते ती कॅप्सूलच्या जिलेटिनची. हेच औषध भुकटीच्या पुडीत, चघळण्याच्या गोळीत आणि पातळ स्वरूपातही मिळते. डॉक्टरांना तसे सांगून बदलून घ्यावे. तरीही मनात किंतु राहिला तर आपल्या आलिमांना विचारावे, पण परस्पर औषध बंद करू नये.

आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दीनने दिलीच आहे. बरे होत आलेल्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या रुग्णाने कॅल्शियम सहरी आणि इफ्तारच्या जेवणासोबत वाटून घ्यावे. पुडी आठवड्यातून एकदाच असल्याने ती इफ्तारनंतर सहज घेता येते.

पुन्हा पडू नये म्हणून

उभ्या जागी पडून हाड मोडले, तर ते आधीच ठिसूळ झाले होते असे समजावे. प्लास्टर निघाले म्हणजे उपचार संपला नाही. हाडांच्या घनतेची तपासणी आणि ठिसूळपणावरचे औषध यांबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारावे. कारण एकदा मोडलेल्याचे दुसरे हाड मोडण्याचा धोका वाढतो.

घरातही थोडे बदल करावेत. फजरच्या वेळी अंधारात वुजूला उठणारी दादी ओल्या फरशीवर घसरते. तिथे रात्रभर एक दिवा असू द्यावा, भिंतीला पकडायला दांडी बसवावी, वुजूसाठी पक्के स्टूल ठेवावे, सरकणारी सतरंजी काढावी. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नये. ज्यांना सजद्यात जाणे कठीण आहे, त्यांनी खुर्चीवर नमाज पढण्यात संकोच करू नये.

उन्हाला पैसे लागत नाहीत, दांडी आणि दिव्याला थोडेच लागतात. खुब्याच्या ऑपरेशनचा खर्च मात्र अनेक घरांचे कंबरडे मोडतो आणि त्यानंतर कितीतरी म्हातारी माणसे पुन्हा आपल्या पायांवर चालत नाहीत. आपल्या घरी कोणी अंथरुणावर असेल तर आजच त्यांची चिठ्ठी काढा, पुडी रोजची आहे की आठवड्याची ते वाचा आणि किती झाल्या ते मोजा. अल्लाह सर्व आजारी माणसांना शिफा देवो. आमीन.