गाण्यातील रूपक: शोभा की अर्थ?

परीक्षेच्या आदल्या रात्री आपण सारेच रूपक अलंकाराची व्याख्या पाठ करतो: उपमेय आणि उपमान यांत अभेद दाखवला की रूपक! त्याच वेळी शेजारच्या खोलीतून एखादे मराठी चित्रपटगीत ऐकू येते आणि आपण ते गुणगुणूही लागतो. पण व्याख्येतला अलंकार त्या गाण्यात प्रत्यक्ष काम करीत असतो, हे ध्यानात येत नाही. अलंकार अभ्यासाचा आणि गाणे करमणुकीचे, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. ती कितपत खरी आहे?

कविता अडली तर पान उलटून पुन्हा वाचता येते. गाणे मात्र कानावरून पुढे निघून जाते. म्हणून गीतातील उपमान श्रोत्याच्या रोजच्या वापरातले असावे लागते. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांचे आयुष्य खानदेशात शेतीच्या कष्टांत गेले. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटाने त्यांतील काही घरोघर पोहोचवली. संसाराला त्यांनी चुलीवरच्या तव्याची उपमा दिली. रोज भाकरी भाजणाऱ्या बाईला ती समजावून द्यावी लागत नाही. तिची बोटेच ती जाणतात.

उपमा साम्य दाखवून थांबते. सांगरूपक ते साम्य अंगोपांगांसह शेवटपर्यंत चालवते. ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि सुधीर फडके यांनी गायिलेले कुंभाराचे गीत आठवा. विठ्ठल हा कुंभार आणि माणसे ही त्याची मडकी, एवढेच सांगून कवी थांबला असता, तर त्यात नवे फारसे काही नव्हते. सावता माळी, नरहरी सोनार यांच्यापासून आपल्या धंद्याच्या भाषेत देव सांगण्याची रीत मराठीत आहेच. पण येथे चाक आले, माती आली, घडवणे आले आणि मग फोडणेही आले. हात एक, चाक एक. तरी प्रत्येक मडक्याचे नशीब निराळे. मग दोष कोणाचा? मडक्याचा तर नव्हेच!

देव अन्यायी आहे, असे भक्त उघड म्हणू शकत नाही. देवाला कुंभार म्हटले की मात्र तीच तक्रार त्याला पंढरीच्या दारात उभे राहून गाता येते, आणि भक्तीलाही बाध येत नाही. साध्या वाक्यात जे बोलायला जीभ कचरते, ते रूपक बोलून जाते. येथे अलंकार अर्थावर चढवलेला दागिना नाही; अर्थ त्याच्यातूनच जन्मला आहे.

अर्थात्, सर्वच गाण्यांबद्दल असे म्हणता येणार नाही. चंद्रासारखे मुख आणि कमळासारखे डोळे वापरून वापरून गुळगुळीत झाले आहेत. खरेखोटे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. गाण्यातील रूपक काढून तोच आशय सरळ गद्यात लिहून पाहावा. काहीच हरवले नाही, तर ती नुसती शोभा होती. कुंभाराच्या गीताचे असे गद्य करून पाहा: ‘जगात सुखदुःख सारखे वाटलेले नाही’, एवढे कोरडे वाक्य हाती उरते. कुंभार जातो, आणि त्याच्याबरोबर जाब विचारणारे मडकेही जाते.

पुढच्या वेळी अलंकाराची वही मिटून गाणे ऐकाल, तेव्हा वही खरोखर मिटली आहे का, हे एकदा पाहावे.